एकतिसावी फासळी

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या निवृत्त गोदी कामगार मित्रमंडळाचे सर्वेसर्वा श्री. आत्माराम सावे, उमेदीची सगळी वर्षं नौदलाला देऊन आता आपल्या फुलपाड्यात येऊन राहिलेले आजचे प्रमुख पाहुणे, निवृत्त कमांडर कौस्तुभ रिसबूडसाहेब, इतकं सुंदर मानपत्र लिहून तितक्याच सुंदर आवाजात वाचणारी आमची क्षितिजा, व्यासपीठावरील इतर मान्यवर, समोर बसलेले माझे जुने सोबती, म्हणजे त्यांच्यातले जे उरलेत ते, माता-भगिनी, आणि पानं कधी मांडतात याचा अंदाज घेत मागे दाराशी उभे असलेले मित्रहो, सगळ्यांना या नरहरी चुरीचा नमस्कार.

अध्यक्षमहाराज, परवानगी असेल तर मी बसून बोलतो. एक्याऐंशी वर्षं पुरी झाली म्हणून तुम्ही माझं सहस्रचंद्रदर्शन केलंत. हजार चंद्र पाहिलेल्या माणसाचे गुडघे कसे असतात ते काही मानपत्रात लिहीत नाहीत. धन्यवाद. खुर्ची जरा पुढे घ्या. हां, आता माइक बरोबर तोंडाशी आला.

खरं सांगू का, मी दमलोय. सत्काराने दमलो असं नव्हे, सत्कार छानच झाला. पण एकोणीस वर्षं या मंडळाचा मी कार्यवाह होतो, आणि या एकोणीस वर्षांत याच माणिकपूरच्या सभागृहात मी पासष्टएक निरोपाची भाषणं केली असतील. कुणी मुलाकडे ऑस्ट्रेलियाला चालला, कुणी गावाला चालला, कुणी कायमचाच गेला आणि मग त्याची शोकसभा. वाक्यं तीच. ‘अष्टपैलू व्यक्तिमत्त्व’, ‘हसतमुख स्वभाव’, ‘कामावरची निष्ठा’. आमच्यातला एक प्लेटर, म्हणजे जहाजाचे पत्रे बसवणारा, इतका तिरसट होता की त्याच्या घरची मांजरसुद्धा त्याला विचारून म्यांव करायची. त्यालाही मी हसतमुख केलं. आज त्याच साच्यात मला बसवलंय, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार? आपणच घडवलेला साचा.

तर आज माझा निरोप आहे. माझी लेक हेमाली मला नाशिकला नेतेय. वाडी होती तोवर मी हललो नसतो. आता वाडीच्या जागी सात मजले उभे आहेत आणि तिसऱ्या मजल्यावर मी एकटा आहे. खाली जिथे पार्किंगची पाटी आहे तिथे आमच्या राजेळी केळी होत्या, हे मी रोज वॉचमनला सांगतो आणि तो रोज नव्याने ‘अच्छा’ म्हणतो. प्रेमलता, माझी पत्नी, जाऊन चार वर्षं झाली. तेव्हा जाणं बरं. हेमाली म्हणते, बाबा, नाशिकला हवा चांगली आहे. असेलही. हवेचं काय करायचं असतं या वयात, ते मात्र तिने सांगितलेलं नाही.

आता मानपत्राकडे वळतो. क्षितिजा, बाळ, तुझं अक्षर फार सुरेख आहे. तू यात चार गोष्टी लिहिल्या आहेस. मी पस्तीस वर्षं गोदीत काढली, खरं आहे. मी फोरमन म्हणून निवृत्त झालो, खरं आहे. मी मंडळ सांभाळलं, बऱ्यापैकी खरं आहे. चौथी गोष्ट तू अशी लिहिली आहेस की एका युद्धनौकेच्या तळाला लागलेली गळती ‘आपल्या तीक्ष्ण नजरेने’ पाव तासात शोधून नरहरी चुरींनी ती नौका वाचवली. ही हकीकत तुझ्या आजोबांनी तुला सांगितली, त्यांना मी सांगितली. म्हणजे चूक तुझी नाही. पण त्या चौथ्या गोष्टीबद्दल मला आज बोलायचं आहे, आणि ते मी नाशिकला जायच्या आधी इथेच बोलायला पाहिजे, कारण ज्याच्याबद्दल बोलायचं तो तिसऱ्या रांगेत पंख्याखाली बसला आहे.

श्री. फर्डिनंड तुस्कानो. शेजारी बेटीवहिनी आहेत. जुन्यांना ओळख करून द्यायला नको. नव्यांसाठी सांगतो, आम्ही दोघं एकाच महिन्यात गोदीत लागलो. तो इथलाच, माझ्या वाडीपासून हाकेच्या अंतरावरचा. आम्ही दोघं मिळून एक माणूस होतो, असं आमचे साहेब म्हणायचे. फर्डिनंडला आता ऐकू येत नाही. कानात मशीन आहे, पण भाषण सुरू झालं की तो ते काढून खिशात ठेवतो. माझी पासष्ट भाषणं त्याने खिशात मशीन ठेवून ऐकली आहेत. ‘भाषनासाटी बॅटरी कशाला जाळायची’ असं त्याचं म्हणणं. बरोबरच आहे म्हणा.

पण कान गेले कसे? ते सांगायला मला पन्नास वर्षं मागे जावं लागेल. रिसबूडसाहेब, आपण तेव्हा शाळेत असाल. गोदीचं आणि जहाजाचं नाव मी घेत नाही, आपण जाणकार आहात, ओळखाल आणि कृपा करून मनात ठेवाल.

तेव्हा आपलं आरमार तरुण आणि त्यातली जहाजं म्हातारी, असा प्रकार होता. नवीन जहाज बांधायला ना आपल्याकडे जागा ना जाणती माणसं. मग दुसऱ्यांनी त्यांच्या युद्धात वापरलेली जहाजं आपण घ्यायची, रंग द्यायचा, नवं नाव घालायचं, आणि पंधरा-वीस वर्षं वापरून झाली की पुन्हा सुक्या गोदीत आणून त्यांना तरुण करायचं. जुन्या तोफा काढायच्या, नवीन बसवायच्या, नवी रडार चढवायची, मैलोगणती वायर ओढायची. आजकाल कुणी जुनं जहाज म्हटलं की हसतात. हसू नये. त्याच जहाजांवर आपली पोरं शिकली आणि त्याच जहाजांवर ती लढायला गेली. आम्ही हातोडीवाल्यांनीही त्यांच्याच पोटात शिरून जहाज म्हणजे काय ते शिकून घेतलं.

हे जहाज तीस वर्षांचं होतं. रंगाचे इतके थर की खरवडताना बोटभर जाडीचा पापुद्रा निघायचा. एका खोलीत लाकडी फळीमागे कुणा परदेशी खलाशाने खिळ्याने कोरलेलं एका बाईचं नाव आणि तारीख सापडली. फर्डिनंडने ती फळी बदलू दिली नाही. म्हणाला, राहू दे, तिला काय नडतंय. आम्ही काम करत होतो ते जहाजाच्या तळाकडच्या प्लेटींवर. तीस वर्षं खारं पाणी प्यालेलं लोखंड, कुठे जाड राहिलं आहे आणि कुठे झिजून पापडासारखं झालंय, ते वरून कळत नाही. एकाने आत शिरायचं आणि हातोडीने ठोकत जायचं. चांगली प्लेट घंटेसारखी बोलते, झिजलेली प्लेट थापी मारल्यासारखी. आत फर्डिनंड असायचा, कारण त्याचा कान असा होता की चर्चची घंटा एका बाजूला तडकली आहे हे त्याने ती उतरवायच्या आधी सांगितलं होतं. बाहेर मी. बाहेरून प्लेट शोधून तिच्यावर तांबड्या रंगाची फुली मारायची हे माझं काम. फुली म्हणजे कापा. मग कापणारे येऊन कापायचे, नवी प्लेट बसायची.

आता आत एक माणूस, बाहेर दुसरा, मधे लोखंड, आणि आजूबाजूला शंभर हातोडे. आवाज पोचायचा नाही. मग पद्धत अशी होती, की आतल्याने झिजल्या प्लेटवर ठोकायचं आणि बाहेरच्याने तळहात टेकवून ठोका शोधायचा. ऐकायचा नाही, हाताला लागला पाहिजे. हाताला ठोका लागल्याशिवाय फुली नाही. आमच्या पहिल्या उस्तादाने हे आमच्या डोक्यात असं बसवलं होतं की लग्नात मुलीचा हात हातात घेतला तरी आधी ठोका शोधला जायचा.

जहाजाला माणसासारख्या फासळ्या असतात. त्यांना नंबर असतात. लढाऊ जहाजावर ते पुढून, नाळेकडून मोजतात. मालवाहू जहाजावर मात्र मागून, सुकाणूकडून मोजतात. हे का ते मला आजही माहीत नाही. गोदीत लागण्याआधी मी दोन वर्षं एका खासगी कारखान्यात मालवाहू जहाजांवर उमेदवारी केली होती. फर्डिनंडने नव्हती केली. तेवढा फरक आमच्यात.

त्या दिवशी चाळीसएक प्लेटी झाल्या होत्या. शेवटची राहिली, एकतिसावी फासळी, डावी बाजू. फर्डिनंडने सकाळीच आतून तपासून नंबर कागदावर लिहून दिला होता आणि त्याला दुसऱ्या कामाला बॉयलरकडे पाठवलं होतं. मी सुकाणूपाशी उभा होतो. हाताने ठोका घ्यायचा तर तीनशे फूट चालत पुढे जा, फर्डिनंडला शोधा, त्याला आत पाठवा, परत या, हात टेकवा. ऊन मी म्हणत होतं. मला कंटाळा आला. बाकी काही कारण नाही. मी दारू पीत नव्हतो, कुणाशी भांडण नव्हतं, घरी सगळं ठीक होतं. नुसता कंटाळा. मी उभा होतो तिथूनच फासळ्या मोजायला लागलो, खासगी कारखान्यात शिकलो तशा मागून, आणि एकतीस आल्यावर फुली मारली. कापणाऱ्यांनी चांगली धडधाकट प्लेट कापली. नवी बसवली. कागदावर एकतीसपुढे खूण झाली. आणि खरी एकतिसावी, पापड झालेली, तशीच राहिली.

कमांडरसाहेब मान हलवताहेत. त्यांना पुढचं कळलं. इतरांनी थोडा धीर धरावा.

फर्डिनंडची एक खोड होती. जहाज गोदीतून निघायच्या आधी तो एकदा आतून सगळीकडे फिरून नव्या प्लेटींवर हातोडी टेकवून यायचा. कुणी सांगितलेलं नसायचं. गोदीत पाणी सोडायला दोन दिवस होते, तेव्हा तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “नरहरी, ती एकतिसावी जुनीच हाय. तिला कोनी हात नाय लावला.”

मी त्याच्याबरोबर आत गेलो. त्याने ठोकलं, आणि तेव्हा घ्यायचा राहिलेला ठोका मी आता तळहात टेकवून घेतला. मग बाहेर येऊन फासळ्या मोजल्या, पुढून आणि मागून, आणि माझी फुली कुठे पडली ते मला कळलं.

करायचं काय ते सरळ होतं. साहेबांना सांगायचं. पण तारीख ठरलेली, मंडप घातलेला, पाहुणे यायचे. त्यातून पुढच्या आठवड्यात फोरमनच्या जागेसाठी माझी मुलाखत होती. मी फर्डिनंडला म्हणालो, मला मुलाखतीपर्यंत वेळ दे, जहाज चाचणीहून परत आलं की आपण गुपचूप बदलून घेऊ. मी त्याचे हात धरले. हेमाली तेव्हा वर्षाची होती, तिचंही नाव मी घेतलं. बाळ, आज तू समोर बसली आहेस, तुला हे माहीत नव्हतं. तुझ्या नावावर मी ते मागितलं.

त्याने हात सोडवून घेतले. मग म्हणाला, “पानी कोनाची बढती बगत नाय.” एवढंच म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो एकटा आत गेला. प्लेटीवर फळ्यांची चौकट ठोकली आणि तीत सिमेंट भरलं. जहाजावर अडीअडचणीला असं करतात. सिमेंट लवकर धरावं म्हणून त्यात धुण्याचा सोडा घालतात. बेटीवहिनी, त्या वेळी तुमचा सोड्याचा अख्खा डबा घरातून नाहीसा झाला होता आणि तुम्ही आठवडाभर शेजारणीवर संशय घेतलात. तो सोडा फर्डिनंडने जेवणाच्या डब्यातून नेला होता. शेजारीण बिचारी वारली. तिचीही माफी मागायची राहिली.

मग चाचणी. जहाज गोदीतून निघालं की पहिल्या फेरीला आमच्यातली काही माणसं बरोबर जायची. यादीत माझं नाव होतं, फर्डिनंडचं नव्हतं. त्याने जाऊन आपलं नाव घालून घेतलं. मला म्हणाला, चल, दोघं बसू तिथे. मी हो म्हणालो. आणि निघायच्या दिवशी सकाळी ताप आला म्हणून घरी राहिलो.

ताप नव्हता. प्रेमलताने कपाळावर हात ठेवला. तिला लगेच कळलं. तिने पेज करून आणून दिली. ती पेज मी अंथरुणात बसून प्यायलो. सभागृहात इतकी माणसं आहेत, लाज वाटते आहे, पण प्यायलो.

दुसऱ्या दिवशी जहाज पूर्ण वेगात धावायला लागलं तेव्हा प्लेटीने सिमेंटच्या कडेने दगा दिला. वीतभर चीर. फर्डिनंड तिथेच बसला होता, दोराच्या वेटोळ्यांच्या त्या छोट्या कोठारात. आयुष्यात होडीत न बसलेला माणूस तो, उलट्या करत होता. त्याने लाकडी खुंट्या मारल्या, गोणपाट लावलं, वर फळी ठेवली आणि फळीला पाठ लावून पायांनी समोरची भिंत रेटून धरली. सहा तास. खलाशी मदतीला आले, पंप लावले, पण फळी त्याने सोडली नाही. कुणी विचारलं तर म्हणे, मला हिची सवय आहे. जहाज आपल्या पायांनी परत आलं.

गोदीत परत आल्यावर साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, चुरी, गळती नेमकी कुठून सुरू झाली आणि कशी, शोधा. आता मला ती शोधायला किती वेळ लागणार? मी उगाच इकडेतिकडे फिरून पाव तास काढला आणि बोट ठेवलं. साहेब म्हणाले, वा, नजर आहे. क्षितिजा, तुझी ती तीक्ष्ण नजर ही.

चौकशी झाली. सिमेंट कुणी भरलं? फर्डिनंड म्हणाला, मी. वर का कळवलं नाही? विसरलो. आतून ठोका कुणी दिला होता? मी. म्हणजे ठोकाच चुकीच्या प्लेटीवर दिला, आणि मग झाकायला सिमेंट भरलं? मी त्या खोलीत होतो, रिसबूडसाहेब. त्याच्यापासून चार हातांवर उभा होतो. तो माझ्याकडे बघत नव्हता. टेबलावरच्या शाईच्या दौतीकडे बघत म्हणाला, “हो. माजाच चुकला.”

मी गप्प राहिलो. तुम्ही म्हणाल, एका शब्दाचं काम होतं. मीही पन्नास वर्षं तेच म्हणतोय.

बाहेर आल्यावर मी त्याला विचारलं, का केलंस? त्याने विडी पेटवली आणि म्हणाला, “एका भोकाला दोन खुंट्या कशाला?” त्यानंतर या विषयावर तो कधी बोलला नाही. मी बोलायला गेलो की वाडीतल्या केळ्यांचं काहीतरी काढायचा.

मी फोरमन झालो. काचेच्या खोलीत, दार लावून, हातोड्यांपासून लांब. त्याची बढती कायमची गेली. सत्तावीस वर्षं तो त्या लोखंडाच्या पोटात हातोडी मारत राहिला, आणि आमच्या काळी कानात बोळा घालणाऱ्याला लोक बायल्या म्हणायचे. घंटेतली चीर ऐकणारा कान होता तो. निवृत्त झाला तेव्हा नातवंडाचं रडणं त्याला ऐकू येत नव्हतं. दिसायचं, म्हणून उचलायचा. डॉक्टर म्हणाले, हातोडीने गेले. हातोडीने गेले हे खरं. पण ती हातोडी त्याच्या हातात कुणी ठेवली, ते डॉक्टरांना ठाऊक नव्हतं.

आणि हा माणूस माझ्याकडे येत राहिला. नाताळला करंज्या घेऊन, गणपतीत आरतीला, प्रेमलता गेली तेव्हा तेरा दिवस रोज. त्याने टाकून बोललं असतं तर मला बरं वाटलं असतं. भांडला असता तर मी पाय धरून मोकळा झालो असतो. त्याने तशी सोयच ठेवली नाही. प्रेमलता शेवटच्या दुखण्यात मला म्हणाली होती, मी तेव्हा कपाळाला हात लावला होता, आता तोंडाने तुम्ही बोला. चार वर्षं झाली त्याला. मी मंडळाचे अहवाल लिहिले, सहली काढल्या, वीज बिलाचे अर्ज केले. एवढंच काम मागे पडलं. प्रत्येक वेळी वाटायचं, उद्या. तीनशे फूट चालायचा कंटाळा करणारा माणूस एवढा कसा बदलणार?

पण आता नाशिकचं तिकीट काढलं आहे.

आत्मारामभाऊ, तुम्ही घड्याळ बघताय, मी पाहिलं. जेवण गार होत असेल. थोडक्यात दोन विनंत्या करतो. पहिली, नव्या कार्यवाहांना. आजच्या सभेच्या इतिवृत्तात हे लिहून ठेवा, की त्या जहाजाच्या एकतिसाव्या फासळीवर चुकीची फुली नरहरी चुरीने मारली, आतून दिलेला नंबर बरोबर होता, आणि जहाज फर्डिनंड तुस्कानो यांनी पाठीने धरून आणलं. चौकशीचे जुने कागद आता कुठल्या कपाटात वाळवीने खाल्ले असतील देव जाणे. आपल्या वहीत तरी बरोबर लिहिलेलं असू दे. दुसरी विनंती क्षितिजाला. बाळ, ते मानपत्र मी नाशिकला नेणार नाही. चौथ्या गोष्टीवर काट मार आणि कोऱ्या कागदावर तिसऱ्या रांगेतल्या माणसाचं नाव घालून नवीन लिही. अक्षर असंच ठेव.

निरोपसमारंभात असं काही बोलू नये हे मला कळतं. पासष्ट भाषणांत मीच तो नियम पाळला.

आता एकच राहिलं. बेटीवहिनी, मी एवढं सगळं बोललो ते त्याच्या खिशातल्या मशीनला बोललो. त्याला तसं जाऊ देणं मला परवडणार नाही. कृपा करून त्याच्या खिशातलं मशीन काढून त्याच्या कानात घाला. मी थोडक्यात पुन्हा सांगतो. मला दम लागला आहे, पण सांगतो.

काय म्हणता वहिनी? माइक द्या कुणीतरी त्यांना. नको? मोठ्याने सांगा मग.

कानातच आहे?

कधीपासून?

हेमाली, पाणी दे गं जरा.

बरं. वहिनी म्हणतात, आज त्याने मशीन काढलंच नाही. सकाळी नवी बॅटरी घालून आलाय. म्हणाला, नरहरीचं शेवटचं भाषण आहे, ऐकायला पाहिजे. म्हणजे माझ्या पहिल्या वाक्यापासून त्याने ऐकलं. मघापासून तो मान खाली घालून बसलाय, मला वाटलं झोपला.

फर्डिनंड, मग मला पुन्हा सांगायला नको. आणि तू तिथून हात हलवून ‘जाऊ दे, जाऊ दे’ करतोयस ते करू नकोस. तू नेहमी हेच करतोस, आणि तुझ्या त्या जाऊ देण्यावर मी पन्नास वर्षं काढली.

मंडळाचे, अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, स्वयंपाकघरात मघापासून भात झाकून थांबलेल्या भगिनींचे मी मनापासून आभार मानतो. प्रत्येक भाषणाच्या शेवटी, बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर पोटात घाला, असं मी म्हणत आलो, आणि खरं सांगतो, एकदाही मनात काही चूक धरून म्हटलं नाही. आज म्हणतो आहे. उपस्थित सर्वांनी माझ्या चुका पोटात घालाव्यात, ही हात जोडून विनंती. फर्डिनंड, तू मात्र घालू नकोस. तू घातलीस तेवढी पुरे झाली. आता वर ये आणि मला चार शब्द सुनाव.